व्रत आणि वानवा



इतिहासावर बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाकडून लढाया, तह आणि गाद्या ह्यांची अपेक्षा असते. आम्ही आज आपल्यापुढे ताटाचा इतिहास ठेवणार आहोत. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि एस. टी.च्या प्रवासात झाले. तेव्हा विद्वत्तेची उणीव दिसेल तेथे आपण सांभाळून घ्यावे. भुकेच्या हिशेबात मात्र आम्हांला कोणी सवलत देऊ नये; कारण मजुरीचा प्रश्न म्हणजे अखेर ताटाचाच प्रश्न, आणि तो मांडण्यात आमची पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत.

विषय सुचला तो एका नव्या शब्दावरून. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी काही तरुण मुले-मुली हल्ली आपण ‘वीगन’ झालो असे सांगतात. कोणी महिनाभर करून पाहतो, कोणी एकवीस दिवस. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मधही नाही. प्राण्यापासून आलेले काहीच पोटात घालावयाचे नाही, असा हा नेम आहे. ज्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरापुढे संकरित गाय नाही असे शेतकऱ्याचे घर शोधावे लागते, तेथे ही गोष्ट विचित्र वाटावी यात नवल नाही. घरची वडील माणसे विचारतात, ‘मग खाता तरी काय?’

ह्या प्रश्नावर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, हे परदेशी खूळ आहे. दुसरे म्हणते, ह्यात नवीन काय, आपले वाडवडील हेच खात होते. इतिहासाच्या काट्यावर तोलले तर दोन्ही उत्तरे उणी भरतात. ती कशी, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

सत्त्याहत्तर सालची डाळ

इसवी सन १८७५ हे वर्ष आपल्या जिल्ह्यात दोन कारणांनी लक्षात राहावे असे आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी १२ मे रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव करून कर्जाच्या कागदांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा बारामतीसह हा सारा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडत असे. एकीकडे विचारांची पेरणी आणि दुसरीकडे खतावण्यांची राख असा तो काळ होता.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. भीमथडी आणि इंदापूर हे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणाचे तालुके. १८७६ साली तेथील पिके हातची गेली आणि माणसे खडी फोडावयास व माती वाहावयास दुष्काळी कामांवर गेली. ज्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आज ह्या दोन तालुक्यांची बागायत उभी आहे, त्याच्या खोदाईचा काही भाग अशाच दुष्काळी मजुरांच्या हातून झाला. कालवा सुरू झाला तो १८८५ साली. खोदणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे पाणी पाहिले असेल, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल ह्यांना दुष्काळाच्या पाहणीवर धाडले. खर्च आटोक्यात ठेवावा ही त्यांना मुख्य आज्ञा होती. त्यांनी ठरविले की, दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रतल धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे. स्त्रिया आणि मुले ह्यांना त्याहून कमी. एक रतल म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम. ह्या हिशेबावर मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी कडक हरकत घेतली. कष्टकऱ्याला निदान दीड रतल धान्य हवे, आणि नुसत्या धान्याने माणूस टिकत नाही, त्याला भाजी आणि डाळ पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये मद्रास सरकारने थोडे ऐकले. धान्य सव्वा रतल झाले आणि त्यावर दीड औंस डाळ मिळू लागली. दीड औंस म्हणजे ४३ ग्रॅम, एका मुठीत मावेल एवढी. राज्यकारभाराच्या कागदोपत्री मजुराच्या ताटात डाळ असावी की नसावी, ह्यावर वाद झाला आणि ती मूठभर मिळाली, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही तहाच्या कलमाइतकी मोलाची वाटते.

इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच जबाब दिला. नवा दर लागू होताच माणसे कामे सोडून चालू लागली. जानेवारी ते मार्च ह्या दोन महिन्यांत काम सोडणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पोटाला दुसरा आधार नसताना एवढ्या लोकांनी काम नाकारले. ह्याला संपाखेरीज दुसरे नाव नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, रानडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रे पाठविली. जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम चालविला. मुंबईच्या गिरणी कामगारांची नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी काढलेली संघटना १८८४ सालची. म्हणजे त्याच्या सात वर्षे आधी मुंबई इलाख्याच्या दुष्काळी कामांवर भाकरीसाठी सामुदायिक काम बंद झाले होते.

आता आजच्या व्याख्येने पाहा. त्या मजुराच्या शिदोरीत मांस नव्हते, अंडे नव्हते, दूध नव्हते, तुपाचा थेंब नव्हता. नव्या शब्दाप्रमाणे तो पुरा वीगन ठरतो! पण त्याने काही सोडले नव्हते. त्याच्यापाशी सोडावयास काही नव्हतेच. व्रत आणि वानवा ह्यांत ताट तेच दिसते, म्हणून दोन्ही एक मानण्याची चूक होते.

भाकरी, कोरड्यास आणि दूध

दुष्काळ सोडून चांगल्या वर्षाचे ताट पाहू. ह्या भागात शाळूच्या भाकरीवर माणूस जगत आला. भाकरीबरोबर कोरड्यास म्हणून मटकीची किंवा तुरीची आमटी, पिठले, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे. पावसाळ्यात रानातली तांदुळजा, घोळ, पाथरी. आणि बारमाही कारळ्याची, जवसाची अथवा शेंगदाण्याची चटणी. तेल करडईचे. आज आहारशास्त्र सांगते की ज्वारीच्या प्रथिनात जो अंश कमी पडतो तो कडधान्यात असतो, आणि दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. आमच्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण भाकरीबरोबर हुलगा खावा हे त्यांना ठाऊक होते.

ह्या ताटात दूध कोठे होते? जुना शेतकरी गाय पाळी ती मुख्यतः बैलासाठी. आपल्याकडील खिलार गाय उत्तम बैल देते, दूध बेताचेच देते. त्यातले वासराला पाजून उरेल ते घरात येई. त्याचे लोणी काढून तूप कढवीत आणि ते बहुधा बाजारात जाई. घरच्या वाट्याला ताक उरे. दूध होते ते लहानग्यासाठी, दुखणाइतासाठी आणि सणासाठी. मांस तर जत्रेला किंवा पाहुणा आला म्हणजे.

मांस सोडण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आणि मोठी आहे. तुकोबांची पालखी ह्याच वाटेने जाते: उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटी. ज्याने गळ्यात माळ घातली त्याने मांस आणि मद्य सोडले. कोणत्याही जातीचा शेतकरी, मजूर, कारागीर ‘माळकरी’ झाला की त्याच्या ताटाचा नेम बदलत असे. आपल्या भागात आहाराचा नेम पहिल्यांदा करून पाहण्याचा हाच खरा लोकमार्ग होता. पण माळकऱ्याने दूध कधी वर्ज्य मानले नाही. गोपाळकाल्यात दही आहे आणि एकादशीच्या फराळाला दूध चालते. पालखीच्या वाटेवरील एका गावाच्या नावातच गवळी आहे. तेव्हा ‘आमचे वाडवडील हेच करीत होते’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. मांस त्यांनी विचाराने सोडले. दूध त्यांना मिळत नव्हते.

ह्या न मिळण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, ह्याचा एक धडा मुंबईत सापडला. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना तेव्हा एक भयंकर पंडुरोग होत असे आणि त्यात पुष्कळ जणी दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या घरी काय शिजते ह्याची विचारपूस केली. ज्यांच्या ताटात प्रथिने, भाजीपाला आणि फळे सर्वांत कमी, त्यांचा आजार सर्वांत वाईट, असे त्यांना दिसले. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त काळा लेप दिला तर ह्या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पानावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव पडले. म्हणजे गिरणीतल्या बाईचा जीव वाचविणारी वस्तू हिरव्या भाजीत आणि डाळीत होती. ती तिच्या ताटात नव्हती, कारण तिच्या पगारात ती बसत नव्हती.

पण ह्या गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. १९४८ साली यकृतातून जीवनसत्त्व बी-१२ हाती आले. हे द्रव्य वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक ह्यांतूनच मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून आपल्या जिल्ह्यातील काही खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांची पाहणी केली. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. ज्या माउलीच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक, तिचे मूल जन्मतः अधिक भरलेले, असेही त्या अभ्यासात दिसून आले. ह्या स्त्रियांनी ‘वीगन’ हा शब्द ऐकला नव्हता. घरातील दूध कोणाच्या पेल्यात पडते आणि कोणाच्या पडत नाही, ह्याची नोंद त्यांच्या रक्तात झाली होती.

गांधीजींचे बकरीचे दूध

आता विचारपूर्वक दूध सोडणाऱ्यांकडे वळू. हे खूळ परदेशी आहे म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर ऐकावा.

दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना १९१२ साली गांधीजींनी आपले मित्र कॅलनबॅक ह्यांच्यासह दूध सोडले. दूध विकार वाढविते ही त्यांची जुनी समजूत होतीच. पण कलकत्त्याच्या गोठ्यांत गाईम्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी ‘फुंका’ नावाचा क्रूर प्रकार चालतो, हे वाचून त्यांचा निश्चय पक्का झाला. सहा वर्षे ते फळे, शेंगदाणे आणि तेल ह्यांवर राहिले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण करताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हाच त्यांचा आहार होता. तेथेच त्यांना आमांशाने गाठले आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईला डॉ. दलाल ह्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि दुधाशिवाय शरीर भरणार नाही असे स्पष्ट सांगितले. व्रत आडवे आले. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग बकरीचे दूध घ्यावयास काय हरकत? गांधीजींनी ते घेतले. व्रताचे अक्षर राखले, पण आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

१९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे त्यांचे भाषण झाले. त्या प्रसंगी हेन्री सॉल्ट उपस्थित होते. ह्यांच्याच पुस्तकाने विद्यार्थिदशेत त्यांना विचारपूर्वक शाकाहारी बनविले होते. शाकाहार केवळ प्रकृतीसाठी धरला तर तो टिकत नाही, त्याला नीतीचा पाया हवा, हे त्या भाषणाचे सूत्र होते. १९४२ साली पुण्यात आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. दूध हा प्राणिज पदार्थ आहे, तो खऱ्या शाकाहारात बसत नाही, ही गोष्ट त्यांनी त्यातही सोडली नाही. पण आपल्या अनुभवाने दुधाची गरज मान्य केली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे मूठभर सहकारी ह्यांनी दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचे वेगळे मंडळ काढले. शाकाहाराच्या इंग्रजी शब्दाचा आरंभ आणि शेवट जोडून त्यांनी ‘वीगन’ हा शब्द बनविला. वॉटसन लाकूडकाम शिकविणारे साधे शिक्षक. युद्धात शस्त्र हाती धरण्यास त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिला होता. ते २००५ साली वारले तेव्हा ९५ वर्षांचे होते. हा शब्द तयार झाला त्याच्या बत्तीस वर्षे आधी एका हिंदी माणसाने तोच प्रयोग करून पाहिला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. तेव्हा हा विचार परका नाही. तो अवघड आहे, एवढे खरे.

उरुळीची गाय

गांधीजी मार्च १९४६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे आले. हाच रस्ता पुढे इंदापूरला जातो. गरीब खेडुतांसाठी निसर्गोपचार केंद्र काढावे ही त्यांची इच्छा होती. ते थोडे दिवस राहून गेले आणि मागे मणिभाई देसाई ह्या तरुण कार्यकर्त्याने तेथेच जन्म काढावयाचे ठरविले. आश्रमासाठी गाई आल्या; गाईंपासून गोपालनाचे शास्त्र आले; आणि १९६७ साली मणिभाईंनी जी संस्था स्थापिली ती ‘बाएफ’ ह्या नावाने आज देशभर परिचित आहे. परदेशी वळूंचे रेत वापरून गावठी गाईंपासून भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाई तयार करावयाच्या आणि त्या गरिबाच्या दारात बांधावयाच्या, हे तिचे मोठे कार्य. ज्यांनी दूध सोडण्याचे व्रत घेतले होते त्यांच्या पाऊलखुणेवरून दुधाची गंगा निघावी, हा इतिहासाचा खेळ पाहण्यासारखा आहे.

मुंबईची तहान आधीच जागी झाली होती. आरे वसाहतीतील दुग्धशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९५१ साली केले. १९७० साली राष्ट्रीय दूध योजना, जिला दुधाचा महापूर म्हणतात, ती सुरू झाली. मग १९७२ चा दुष्काळ आला. बारामती-इंदापूरची माणसे पुन्हा खडी फोडू लागली, परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊ लागली. पण ह्या खेपेस दुष्काळी कामावर सुकडी वाटली गेली. मजुराला धान्याखेरीज पोषण हवे, हे सरकारने मानले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मूठभर डाळीच्या वादाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

ज्याच्यापाशी कालव्याचे पाणी होते त्याने ऊस लावला. ज्याच्यापाशी नव्हते त्याला दुष्काळानंतरच्या वर्षांत संकरित गाईने हात दिला. ऊस पैसा देतो तो वर्षा-दीड वर्षाने. दूध देते ते दहा दिवसांच्या हिशेबाने. किराणा, शाळेची फी, दवाखाना ह्यांना दुधाचा पैसा लागतो. म्हणून आम्ही दुधाला ह्या तालुक्यांतील अल्पभूधारकाची आणि भूमिहीनाची मजुरी म्हणतो. ती मजुरी बहुतेक घरांत बाईच्या हातांनी मिळते. पहाटे धार काढणारी, शेण भरणारी, वैरण आणणारी तीच. आणि मजुरी म्हटली की तंटा आलाच. १९१८ साली खेड्यात गांधीजी आजारी पडण्याच्या सुमारास कोणी कल्पनाही केली नसती, पण शंभर वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी दराच्या मागणीसाठी दूध अडविले, आणि अखेर लिटरला २५ रुपये देण्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

ह्या भरभराटीत एक प्रश्न मागे राहून गेला. जुन्या गाईला गोऱ्हा झाला की घर आनंदत असे, कारण तो उद्याचा बैल. संकरित गाईला गोऱ्हा झाला की आज घर गप्प बसते. ट्रॅक्टर आल्यावर त्याला औत नाही. २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात बैल आणि गोऱ्हे ह्यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्याला पोसावे तर परवडत नाही आणि सोडावे तर मन होत नाही. नवी मुले विचारतात, ‘त्या वासराचे काय झाले?’ हा प्रश्न फुंका वाचून अस्वस्थ झालेल्या माणसाच्याच जातीचा आहे. तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

चाळीस दिवस

दुसऱ्याच्या ताटावर बोलण्यापूर्वी आपले ताट तपासावे, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही स्वतः चाळीस दिवस हा नेम पाळला. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

जेवणाची अडचण फारशी पडली नाही. भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाजी, शेंगदाणे आणि चटण्या ह्यांवर ताट भरते. दुधाचे पैसे वाचले, ते डाळीत आणि शेंगदाण्यात गेले. रात्री भाताबरोबर ताकाची आठवण होई, ती आठवड्याने गेली. खरी कसोटी चहाची. चहा हा काही आपला पुरातन पदार्थ नाही. पहिल्या महायुद्धापासून चहाच्या मळेवाल्यांनी गिरण्या-खाणींत चहाच्या टपऱ्या काढविल्या आणि १९३० नंतर गावोगाव फुकट पेले वाटून तो आपल्या गळी उतरविला. पण आज चहा म्हणजे आदराची खूण होऊन बसला आहे. संघटनेच्या माणसाला दिवसातून दहा घरी तो घ्यावा लागतो आणि नाकारला तर घर नाकारल्यासारखे होते. इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही कोरा चहा मागितला, तेव्हा घरची बाई म्हणाली, ‘का वो दादा, आमच्या दुधात पाणी हाय वाटतं?’ आम्ही कारण सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘तुमी सोडा की. डेरीनं सोडू नये म्हंजी झालं.’ सगळ्या अर्थशास्त्राचा सारांश आम्हांला त्या दोन वाक्यांत मिळाला.

शरीराला चाळीस दिवसांत काही झाले नाही, होणारही नव्हते. बी-१२ चा साठा यकृतात दीर्घकाळ, पुष्कळदा वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून महिनाभर करून पाहणाऱ्याने ‘मला काहीच कमी पडले नाही’ ह्या अनुभवावर जन्माचा नेम बांधू नये. नेम पुढे चालवावयाचा तर डॉक्टरला विचारून बी-१२ ची गोळी घ्यावी. गरोदर बाई आणि वाढते मूल ह्यांच्या बाबतीत तर ह्यात हयगय होता कामा नये. गांधीजींच्या काळी ही गोळी नव्हती. आज आहे आणि ती महागही नाही. त्यांना जे साधले नाही ते आजच्या तरुणाला साधण्याजोगे आहे, त्याचे मोठे श्रेय ह्या गोळीला आहे.

ह्याच सुमारास एका कारखान्यात प्रश्न निघाला. धुळीच्या खात्यातील कामगारांना रोज अर्धा लिटर दूध मिळावे ही मागणी संघटनेने पूर्वी लढून मिळविली होती. ओतकामाच्या, धुळीच्या, रसायनाच्या खात्यांत दूध मागण्याची रीत कामगार चळवळीत जुनी आहे. तेथील एक तरुण कामगार दूध घेईना. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे द्या म्हणू लागला. व्यवस्थापनाचे उत्तर, करारात दूध लिहिले आहे, नको असेल तर सोडा. जुन्या कामगारांना भीती, की एकाने सोडले म्हणजे उद्या सर्वांचे बंद होईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पुढल्या कराराच्या वेळी आम्ही कलमाची भाषा बदलून घेतली: दूध, अथवा तेवढ्याच किमतीचा पौष्टिक पदार्थ, कामगाराच्या पसंतीने. आणि आणखी एक कलम घातले, धूळ ओढून घेणारे पंखे बसविण्याचे. कारण दुधाने फुप्फुसातील धूळ धुऊन जाते ही समजूत खोटी आहे. दूध पोषण देईल. धूळ थांबवावयाची ती यंत्रानेच थांबवावी लागते.

काय घ्यावे

श्रोते हो, ह्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या हिशेबातून आम्हांला एक गोष्ट दिसते. आहार सोडण्याला किंमत येते ती सोडणाऱ्याला निवड असते तेव्हा. १८७७ च्या मजुराला ती नव्हती. गिरणीतल्या गरोदर बाईला नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या, ताटात भाकरी-चटणी घेऊन सर्वांच्या मागून जेवणाऱ्या माउलीला अजूनही पुष्कळदा नसते. गांधीजींना होती, वॉटसनना होती, आणि नोकरीचा पगार हाती आलेल्या आपल्या मुलामुलींना आहे. ती मिळविण्यासाठी त्यांच्या आईबापांनी पहाटे धारा काढल्या, हे त्यांनी विसरू नये. आणि आपल्या लेकरांना निवड आली ह्याचा आईबापांनी राग मानू नये.

जो तरुण दूध सोडतो त्याने वासराविषयी जरूर विचारावे; पण त्याच्या जोडीला दूध घालणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचा दर मिळतो का, हेही विचारावे. तिचा गोठा उद्या बंद व्हावा असे त्याला वाटत असेल तर त्याच रानात हुलगा, मटकी, तूर, करडई घेऊन तिचे दहा दिवसांचे बिल कसे भागेल, ह्याचे उत्तर शोधावयास त्याने तिच्या ओसरीवर जाऊन बसावे. कडधान्याला भाव आणि खरेदीची हमी मिळाल्याखेरीज ते उत्तर मिळणार नाही, असे आमचे मत आहे. आणि जो दूध सोडत नाही त्याने आपल्या घरात एवढे पाहावे, की डेअरीला कॅन जाण्यापूर्वी एक पेला घरच्या सुनेच्या हाती पडतो की नाही.

मूठभर डाळीसाठी ज्यांनी दुष्काळात काम सोडले, त्यांनी आपल्यासाठी हा हक्क कमावून ठेवला आहे: माणसाच्या ताटात काय असावे हे पोटाला चिमटा घेणाऱ्याने ठरवू नये, जेवणाऱ्याने ठरवावे. जेवणारा मग काय ठरवितो, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न. तो त्याने मोकळेपणाने सोडवावा, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.